शेजारची खुर्ची
बाहेर जेवण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

रामनवमीला सप्तशृंगगडावर चैत्रोत्सव सुरू झाला की चैत्र पौर्णिमेपर्यंत वणीतल्या हॉटेलांना उसंत नसते. नाशिक-निफाडकडून गडावर निघालेली माणसे इथे टेकतात. त्या दिवसांत एसटी स्टँडजवळच्या कुठल्याही हॉटेलात बसून राहा, एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडते : "इथं कुणी बसलंय का?" चार खुर्च्यांच्या टेबलावर तीन अनोळखी माणसे शेवभाजीत पोळी बुडवत असतात. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. पिशवी मांडीवर घेऊन टेकतो आणि पाण्याचा जग आपल्याकडे ओढतो. समोरचा कांद्याची बशी थोडी मध्ये सरकवतो. कुणी कुणाचे गाव विचारलेले नसते, आडनावही नाही. दहा मिनिटांत जेवून चौघे चार दिशांना जातात.

ही दहा मिनिटे आपल्याला इतकी सवयीची आहेत की त्यांत अभ्यासण्यासारखे काही असेल, असे वाटत नाही. पण माझ्या आजोबांच्या लहानपणी, याच तालुक्यात, हे चौघे एका टेबलाशी बसलेच असते असे नाही. ते बसू लागले कसे, त्यासाठी खुर्ची, टेबल, दरपत्रक, गल्ला आणि कायदा या सगळ्यांना काय काय करावे लागले, हा या अभ्यासक्षेत्राचा विषय. त्याच्या उंबऱ्यावर आलेल्या वाचकाचे स्वागत करणे, एवढेच या प्रस्तावनेचे काम.

आपल्याकडे खाण्याविषयीचे लेखन कमी नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून किती घरांत स्वयंपाक शिकवला त्याची गणती नाही. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीने 'खमंग' लिहिले. पण ही सारी घरातल्या चुलीची पुस्तके. बाहेरच्या जेवणाबद्दल आपण लिहितो ते बहुतेक आठवणींच्या सुरात : अमक्या ठिकाणची मिसळ, तमक्याचा रस्सा, आणि आता पूर्वीची चव राहिली नाही. पदार्थ आठवतात, टेबल विसरले जाते. माझे म्हणणे असे, की बाहेर खाण्याचा इतिहास पदार्थांवरून लिहू गेलो तर तो अर्धाच हाती लागतो. उरलेला अर्धा बसण्यात आहे. कोण कुणाशेजारी बसला, किती वेळ, आणि उठा म्हणण्याचा अधिकार कुणाचा होता, हे पाहायला हवे.

सुरुवात आपल्या बोलण्यातल्या शब्दांपासून करू. चहाच्या टपरीलाही आपण 'हॉटेल' म्हणतो. हा शब्द इंग्रजांच्या हातून आला, पण मूळचा फ्रेंच. पॅरिसमध्ये नगरपालिकेच्या इमारतीलाही 'ओतेल' म्हणतात. 'मेनू', 'रेस्टॉरंट', 'कॅफे' हेही तिकडचेच. विद्यार्थी महिन्याचे पैसे भरून जेवतात त्या 'मेस'चे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये सापडते, तिथे त्याचा अर्थ ताटात वाढलेला जिन्नस. म्हणजे फ्रान्सचे नकाशातले ठिकाण ज्याला ठाऊक नाही, तोही रोज चार फ्रेंच शब्द वापरून पोट भरतो. शब्द एवढ्या लांबून आले, तर त्यांच्यामागची व्यवस्था तिकडे कशी घडली हे पाहून येणे योग्य होईल.

त्याआधी घरची मापे हातात घेऊ. माणसाला घराबाहेर जेवू घालण्याच्या आपल्याकडे तीन जुन्या-नव्या रीती आहेत. पहिली पंगत. गडावरच्या प्रसादालयात किंवा वाटेवरच्या भंडाऱ्यात पैसे लागत नाहीत, पण निवडही नसते. जे शिजले ते सगळ्यांना, आणि बसायचे-उठायचे ते पंगतीच्या वेळेने. दुसरी खानावळ. तिथे पैसे महिन्याचे, माणसे ओळखीची, बहुधा एका गावची वा एका जातीची. भाजी कोणती हे मावशी ठरवणार, आणि रात्री दहानंतर आलात तर झाकून ठेवलेले थंड ताट. तिसरी हॉटेल. तिथे ओळख लागत नाही, भिंतीवरच्या फळ्यावर दर लिहिलेले असतात, आपल्याला हवे ते आपल्याला हव्या त्या वेळी मागायचे आणि गल्ल्यावर पैसे टाकून निघायचे. पंगतीत वेळ यजमानाची, खानावळीत मावशीची, हॉटेलात गिऱ्हाइकाची. ही तीन घड्याळे लक्षात ठेवली तर जगातले कुठलेही जेवणघर वाचता येते.

पॅरिसचेच पाहा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या परक्या माणसाला बाहेर जेवायचे तर 'ताब्ल दोत' असे, म्हणजे यजमानाचे टेबल. ठरल्या वेळी सगळ्यांनी एका लांब टेबलाशी बसायचे, मध्ये ठेवलेल्या ताटातून ज्याच्या हाताला लागेल त्याने घ्यायचे. नेहमीची मंडळी चांगले तुकडे आधी उचलत, नवखा उपाशी उठे. ही आपली खानावळच. १७६० च्या दशकात तिथे एका नव्या प्रकारची दुकाने निघाली. अशक्त माणसाला तरतरी आणणारे मांसाचे सूप ती विकत. त्या पौष्टिक सुपाचेच नाव 'रेस्टॉरंट'. ते पुढे दुकानाला चिकटले. बुलांजे नावाच्या एका सूपविक्याने हे सगळे सुरू केले अशी कथा शेदीडशे वर्षे पुस्तकांतून फिरत होती. इतिहासकार रिबेका स्पँग यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती तपासली. पुरावा सापडला नाही, आणि सुरुवात करणारा म्हणून मातुरिन रोझ द शांतोआझो हे नाव पुढे आले. आपल्या अभ्यासाला यातून दोन गोष्टी मिळतात. एक, ऐकीव गोष्ट कितीही रुचकर असो, कागद पाहिल्याशिवाय गिळायची नाही. दुसरी अधिक मोलाची : त्या दुकानांतली खरी नवलाई सुपात नव्हती. लहान वेगळे टेबल, दर लिहिलेली यादी आणि केव्हाही या, ही ती नवलाई. गिऱ्हाइकाचे घड्याळ तिथे सुरू झाले.

ब्रासरी हे जेवणघर त्यानंतरचे. या शब्दाचा मूळ अर्थ बिअर गाळण्याची जागा. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, अल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला, आणि तिकडची पुष्कळ माणसे पॅरिसला आली. त्यांनी बिअर आणली, आंबवलेला कोबी आणला, सॉसेजे आणली. बास्तीलजवळचे 'बोफांजे' त्याआधीचे, १८६४ चे. सां-जेर्मां रस्त्यावरचे 'लिप' १८८० चे, एका अल्सासी जोडप्याने काढलेले. पुढे १९२७ मध्ये मोंपारनासला 'ला कूपोल' उघडले तोवर ब्रासरी राजधानीची ओळख होऊन बसली होती. गाव सुटलेल्या माणसांचे जेवण शहराचे जेवण झाले. मुंबईत राहिलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. इराण्याचा ब्रुनमस्का, उडप्याचा डोसा आणि मालवणी खानावळीतली सोलकढी यांची कहाणी याहून फार वेगळी नाही.

काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने पॅरिसला गेलो असता अशा एका ब्रासरीत मी एकटाच जेवायला गेलो. भिंतीला लागून लाल कातडी बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला. त्याच्यापुढे वीतभर अंतरावर छोटी टेबले, एकाला एक लागून. आत शिरायचे कसे हे कळेना. काळ्या बंडीतला, पांढरा एप्रन बांधलेला वेटर आला, त्याने टेबल दोन हातांनी सरळ बाहेर ओढले, मला बाकावर बसवले आणि टेबल परत लावून टाकले. कपाटाचा खण बंद करावा तसे. आता माझे कोपर डाव्या हाताच्या म्हाताऱ्या बाईंच्या कोपरापासून चार बोटांवर. त्या एकट्याच जेवत होत्या, पायाशी कुत्रा झोपलेला. समोरच्या भिंतीवर भलामोठा आरसा, त्यात आमची सगळी रांग दिसत होती. ती पाहताना माझ्या मनात एकच शब्द आला : पंगत. पाटाला पाट लावून बसवावे तशी ही माणसे बसली होती. फरक इतकाच, की प्रत्येकाच्या पुढ्यात वेगळे ताट होते आणि प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालले होते.

माझी फजिती त्यानंतरची. यादीत कोबीचा उल्लेख दिसला म्हणून मी शूक्रूत मागवले. आई माळकरी, घरात अंडेही येत नसे, तेव्हा कोबी बरा असा हिशेब. आले ते कोबीच्या ढिगावर रचलेले डुकराच्या मांसाचे चारपाच प्रकार. मी कडेचे बटाटे खाऊ लागलो. शेजारच्या बाईंनी माझ्या ताटाकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता मोहरीची वाटी माझ्या बाजूला सरकवली. वणीतली कांद्याची बशी सरकते, तशीच. ती मोहरी नाकात गेली आणि डोळ्यांत पाणी आले, ते वेगळे.

तिथे बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. मी अर्धा तास वाट पाहत बसलो, मला वाटले विसरले. नंतर समजले, की न मागता बिल ठेवणे म्हणजे 'उठा आता' म्हणणे. नळाच्या पाण्याची सुरई आणि जेवणाबरोबरचा पाव यांचे वेगळे पैसे लावत नाहीत. तिथला कायदाच तसा आहे. आपल्याकडे कांदा-लिंबू आणि पाणी न मागता येते त्याला कायद्याची गरज पडली नाही, पण दोन्हींमागचा विचार एकच : काही गोष्टी विकण्याच्या पलीकडच्या. आणि रोजचा एक ठरलेला पदार्थ कमी दरात, ही तिथली पाटी वाचून आपल्या 'राईस प्लेट'ची आठवण होणार नाही असा मराठी माणूस विरळा.

पॅरिस आणि मुंबई यांना जोडणारा याहून ठोस पुरावा हवा असेल तर तो पाठीमागे आहे, म्हणजे पाठ टेकतो तिथे. मिखाएल थोनेट या कारागिराच्या कंपनीने १८५९ साली वाफेवर लाकूड वाकवून एक खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. त्यामुळे ती जहाजाने कुठेही जाई. तीच जातकुळी पॅरिसच्या कॅफेत दिसते आणि मुंबईच्या इराण्याकडेही. समोर संगमरवराचे टेबल, भिंतीला आरसे. धोबीतलावचे 'कयानी' १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटचे 'ब्रिटानिया' १९२३ चे. इराण्यांना नाक्यावरची दुकाने स्वस्तात मिळाली कारण हिंदू व्यापारी ती अशुभ मानत, असे सांगतात. हीही बुलांजेच्या जातीची गोष्ट असू शकेल. कुणीतरी भाडेपावत्या शोधून ती तपासावी.

गिरणगावात मात्र खुर्ची नव्हती, ताट होते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बाया एका खोलीत दहा-वीस जणांचे महिन्याचे जेवण करत. वाणसामान उधारीवर, पगार झाला की हिशेब. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. रेस्टॉरंटच्या इतिहासात शेफची नावे असतात. आपल्या इतिहासात या बायांच्या उधारीच्या वह्या असायला हव्यात. त्या कुणाकडे उरल्या असतील तर रद्दीत जाण्याआधी वाचवणे हे एका संशोधकाचे आयुष्यभराचे काम आहे.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. "इथं कुणी बसलंय का?" हे विचारण्याचीही सगळ्यांना मुभा नव्हती. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव यांच्या पुढाकाराने शहरातली नामवंत मंडळी तिथे जमली. चहा-बिस्किटे समोर आली. काहींनी घेतली, काहींनी नुसती समोर ठेवली. पुढे हजर असलेल्यांची यादीच वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, पेटले. टिळक आणि रानडे या दोघांनाही त्याचा जाच झाला. एका कपाने एवढे घडते, यावरून 'कुणाच्या हातचे' या प्रश्नाचे वजन कळावे. आणि हा वाद वरच्या जातींचा आपसातला. ज्यांना हॉटेलाच्या बाहेरच उभे राहावे लागे, ज्यांची कपबशी वेगळ्या कोनाड्यात असे आणि ती ज्यांनी स्वतः विसळून ठेवायची असे, त्यांचे नाव कोणत्याही यादीत छापून आले नाही.

ती चौकट मोडण्याचे प्रयत्नही जेवणातूनच झाले. अनंत हरी गद्रे यांनी 'झुणका-भाकर सत्यनारायण' घातले : दलित जोडप्याच्या हस्ते पूजा, झुणका-भाकरीचा प्रसाद आणि सगळ्यांची एक पंगत. आमच्या दिंडोरी तालुक्याला तर या इतिहासात स्वतःचे पान आहे. वणीहून फार लांब नसलेल्या आंबे गावी १९०२ मध्ये दादासाहेब गायकवाड जन्मले. मार्च १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याची नाशिकमधली धुरा गायकवाडांनी वाहिली. तो लढा मंदिराच्या दारासाठी होता. पण दार कुणाला उघडे, हा प्रश्न देवळापाशी थांबत नाही. भारताच्या राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद काढून पाहा : दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कुणाला मज्जाव करता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. घटनेत हॉटेलचा उल्लेख आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते हसतात. मग कोनाड्यातल्या कपाची गोष्ट सांगितली की हसू थांबते.

घटनेने दार उघडले म्हणून प्रत्येक खुर्ची लगेच मोकळी झाली असे नाही. 'फॅमिली रूम' ही पाटी आठवा. अर्ध्या उंचीचे लाकडी आडोसे, हिरवा पडदा, आत बायका-मुले. बाहेरच्या खोलीत एकटी बाई चहा पिताना दिसू लागली ती कधी? आमच्या गावात कधी? याचे उत्तर कुठल्याही कागदात मिळणार नाही. ते आज सत्तरीत असलेल्या बायांना विचारावे लागेल, आणि लवकर. पॅरिसमधल्या त्या बाई कुत्र्याला पायाशी घेऊन दीड तास एकट्या जेवत होत्या, त्याचे मला जे नवल वाटले ते त्या शहराबद्दल कमी आणि माझ्याबद्दल अधिक सांगते.

या क्षेत्रात येणाऱ्याने काय शिकावे? थोडे दरपत्रक वाचायला, थोडे पाट्या वाचायला. 'घरगुती', 'स्वच्छ', 'शुद्ध शाकाहारी', 'मराठा खानावळ' यांतला प्रत्येक शब्द कुणाला तरी बोलावतो आणि कुणाला तरी थोपवतो. थोडे नकाशे काढायला : गल्ला कुठे, मोरी कुठे, मालकाची नजर कुठवर पोचते. वेटर ऑर्डर लक्षात कशी ठेवतो तेही पाहावे. पॅरिसच्या 'शार्तिए'मध्ये तो टेबलावरच्या कागदावर हिशेब लिहितो. आपल्याकडचा जुना वेटर चार टेबलांचा हिशेब तोंडी ठेवून गल्ल्याकडे ओरडतो आणि त्यात चूक होत नाही. या कौशल्याला आपण अजून नावही दिलेले नाही.

"हॉटेलात बसून कसला अभ्यास?" असा आक्षेप घरचे घेतील. घेऊ द्यावा. वाइनच्या निमित्ताने खुद्द फ्रान्सच या तालुक्यात येऊन बसले आहे : शँपेनच्या नामांकित घराण्याचा 'शांदों' हा प्रकल्प दिंडोरीत आहे, आणि नाशिकच्या वायनरीत मुंबईची मंडळी काट्या-चमच्याने जेवतात. त्याच द्राक्षांच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून आलेला मजूर पहाटे वणीच्या नाक्यावर उभ्याने वडापाव खातो. एकाच वेलाच्या दोन टोकांना असलेली ही दोन जेवणे. पहिल्याला खुर्ची आहे, दुसऱ्याला नाही. यावर मराठीत एक चांगला प्रबंध व्हायला हवा, आणि तो मुंबईत बसून होणार नाही.

तेव्हा वाचकहो, पुस्तके नंतर वाचा. आधी एक काम करा. गर्दीच्या वेळी आपल्या गावच्या हॉटेलात जा. रिकामी खुर्ची हेरा, शेजाऱ्याला विचारा, बसा. कोण सरकले, कोण नाही सरकले, बशी कुणी मध्ये ढकलली, आणि तुम्ही कुणाला पाहून ती खुर्ची निवडली, हे घरी येऊन लिहून काढा. शेवटचा मुद्दा लिहायला सर्वांत जड जाईल. तिथून अभ्यास सुरू होतो.

वणी,
चैत्र पौर्णिमा